सासूबाई राहा म्हणाल्या, जेरेमियास निघा म्हणाला

अपोलुसला एकदा हसू आलं की ते थांबवणं त्याच्या हातात राहत नसे. बर्फाच्या भोकातून हॅलिबट माशाची दोरी ओढताना, दवाखान्यात दात उपटून घेताना, कुठंही. स्वतःच्या लग्नात पाद्रीबाबांना उचकी लागली तेव्हा तो वेदीसमोर इतका हसला की दोघांनी धरून त्याला बाहेर बर्फात नेऊन उभं केलं, आणि मधल्या प्रार्थना हान्सिनेनं एकटीनंच म्हणून टाकल्या. हान्सिनेची आई, म्हातारी ताबिता, त्यानंतर वर्षभर जावयाशी बोलली नाही. पुढं अंथरुणाला खिळल्यावर तिनं त्याला जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाली, "मला पुरताना तरी तोंड आवर."

त्यानं आवरलं. खालचा ओठ दातांत धरून तो सगळा वेळ उभा राहिला. आता सुटलो असं त्याला वाटलं. पण त्याच शरद ऋतूत शेजारच्या घरात मुलगी झाली, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणं नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव तिला मिळालं. नाव आलं म्हणजे माणूसही आलं. हान्सिने पाळण्यावर वाकून "आई, आलीस का ग?" म्हणून रडली. अपोलुसनं सीलच्या कातड्याचे इवलेसे बूट नेले आणि पाळण्यातल्या सासूबाईंसमोर ठेवले. सासूबाईंनी त्याच्याकडं बघून मोठी जांभई दिली, आणि त्याला हसू आलं.

ती ताबिता वाढली, डेन्मार्कला जाऊन शिकली आणि परत येऊन आमच्या गावच्या, उम्मानाकच्या, शाळेत मास्तरीण झाली. सव्वीस वर्षांची, कुणाला न जुमानणारी, तोंडानं तिखट. हान्सिने पन्नाशीची झाली तरी तिला आईच म्हणायची, आणि ताबिताही दारातून आत शिरताना "बाळ, कॉफी टाक" असं ओरडायची. अपोलुसला ती जावईबापू म्हणायची.

त्या वर्षी सूर्य नुकताच परत आला होता. दोन-अडीच महिने काळोखात काढल्यावर डोंगराच्या खांद्यावरून पहिली उन्हाची रेघ घरांवर पडते, तेव्हा आमच्या गावात शहाणी माणसंसुद्धा थोडी वेडी होतात. कारण नसताना दारं उघडी टाकतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात, कुत्र्यांशी गातात. आणि नेमकं ह्याच दिवसांत मतदान ठेवलं होतं. दहा वर्षांपूर्वी डेन्मार्क युरोपातल्या शेजारी देशांच्या संघात गेला. डेन्मार्कच्या ताब्यातल्या आमच्या ग्रीनलंडनं तेव्हा भरघोस "नको" म्हटलं होतं, पण डेन्मार्कची माणसं कितीतरी जास्त, त्यांच्या "हो"मध्ये आमचं "नको" साखरेसारखं विरघळून गेलं. आता घरचा कारभार आमच्या हाती आला होता, आणि पुन्हा विचारणार होते, ह्या खेपेस फक्त आम्हालाच: संघात राहायचं की निघायचं?

गावात दुसरा विषयच नव्हता. दुकानात बटाटे घेताना लोक भांडायचे. ज्यांनी कॉफीला बोलावलं त्यांच्याकडं मत मागायला आलेलं कुणीतरी आधीच बसलेलं असायचं. हान्सिने निघणाऱ्यांची. अपोलुसचं मात्र विचित्र होतं. जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं. सकाळी तो निघणारा असायचा, दुपारी राहणारा, आणि रात्री हान्सिनेशेजारी पडल्यावर पुन्हा निघणारा.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात जेरेमियास नावाचा एक जाडजूड माणूस त्याच्या दारात आला. हा दक्षिणेकडचा, कोळ्यांच्या संघटनेचा पुढारी, निघणाऱ्यांसाठी सगळ्या किनाऱ्यानं भाषणं देत फिरणारा. त्याचा आवाज असा की कपाटातल्या बश्या थरथरायच्या. हेलिकॉप्टर धुक्यामुळं अडकलं होतं आणि त्याला फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, आतल्या तीन वस्त्यांवर पोचायचं होतं.

"तुझी स्लेज ओढणारी कुत्री गावात सगळ्यांत चांगली, असं ऐकलं," तो म्हणाला. "नेशील?"

"नेईन की," अपोलुस म्हणाला.

तो गेला आणि तासाभरात ताबिता आली. "बाळ, कॉफी टाक. जावईबापू, मला तिन्ही वस्त्यांवर जायचंय. लोकांना सांगायला नको का, संघातच राहा म्हणून?"

"नेईन की," अपोलुस म्हणाला.

हान्सिनेच्या हातातली किटली तशीच राहिली. "अरे, तू दोघांनाही हो म्हणालास?"

"मग काय करू? तो पाहुणा, आणि ह्या सासूबाई."

"आणि दोघं एका स्लेजवर?"

"स्लेज लांब आहे," अपोलुस म्हणाला, आणि हसू लागला. ताबिताही हसली. हान्सिने मात्र कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, त्या माणसाच्या शेजारी बसू नकोस. त्याचंच बरोबर आहे आणि तू चिडशील."

शनिवारी सकाळी ते निघाले. तेव्हा कळलं की जेरेमियासनं जन्मात स्लेज पाहिली नव्हती. दक्षिणेत समुद्र गोठत नाही, तिकडं स्लेजची कुत्री पाळत नाहीत. इतकी कुत्री एकदम आपल्याकडं बघून ओरडताना पाहून ह्या धिप्पाड पुढाऱ्याचा चेहरा पीठ चाळल्यासारखा पांढरा पडला.

"चावतात का रे?"

"उभ्या माणसाला नाही," अपोलुस म्हणाला. "पडू नकोस म्हणजे झालं."

त्यानं दोघांना रेनडिअरच्या कातड्यावर पाठीला पाठ लावून बसवलं आणि बजावून सांगितलं, "स्लेजवर मताचं बोलायचं नाही. तुम्ही भांडलात की मला हसू येणार. मला हसू आलं की कुत्री थांबणार." आणि हे खरंच होतं. कुत्र्यांना मांस घालताना हसू आलं की त्याचा हात सैल सुटायचा आणि चार तुकडे जास्त पडायचे. कुत्र्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं की मालक हसला म्हणजे जेवण. भर धावेत तो हसला तरी सगळी पंख्यासारखी पसरलेली टोळी गपकन बसायची आणि जिभा काढून मागं बघायची.

पहिला अर्धा तास छान गेला. ऊन बर्फावर गुलाबी सांडलं होतं. मग ताबिता सहज म्हणाली, "हा रस्ता किती गुळगुळीत आहे नाही, जेरेमियास? संघाच्या पैशातून केलेल्या शाळेच्या रस्त्यासारखा."

"हा रस्ता देवानं केलाय," जेरेमियास गरजला. "ब्रसेल्सला अर्ज न करता!"

अपोलुस फसकन हसला. कुत्री बसली. स्लेज पुढं सरकत गेली, दोऱ्या गुंतल्या आणि जेरेमियास घरंगळत थेट पुढच्या कुत्रीसमोर जाऊन पडला. ती नुसती त्याच्या तोंडाचा वास घेत होती. तो डोळे मिटून म्हणत होता, "पडलो रे, पडलो, आता काय करू?"

"ऊठ!" ताबिता ओरडली. "उभ्या माणसाला चावत नाहीत!"

त्याला उठवायला तिनंच हात दिला, कारण अपोलुस स्लेजवर आडवा होऊन पोट धरून हसत होता.

पहिली वस्ती कांगेक. तिथं सभा रीतसर झाली. चर्चमध्ये जेरेमियासनं सांगितलं की परक्यांची जहाजं आपल्या समुद्रातून कॉड मासळी खरवडून नेतात, आणि कुणी किती न्यायचं हे ज्यांनी कधी आपला समुद्र बघितला नाही ते ठरवतात. लोकांनी माना डोलावल्या. मग ताबितानं सांगितलं की शाळेचं छप्पर, मुलांचं शिक्षण, नव्या यंत्रांचं प्रशिक्षण हे सगळं आकाशातून पडत नाही, आणि आपण मूठभर माणसं, मोठ्या जगात एकटं उभं राहायचं तर पाय घट्ट लागतात. लोकांनी पुन्हा माना डोलावल्या. मग कॉफी. दर घरी कॉफी, दर घरी केक, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. शेवटच्या घरातून निघताना जेरेमियास हळूच म्हणाला, "अपोलुस, तुझ्या गाडीला धक्के बसतात का फार?"

"बसतात."

"मग आधी जरा त्या खडकामागं जाऊन येतो."

"मी आधी!" असं म्हणत ताबिता धावत सुटली.

दुसरी वस्ती इतिल्लेक. तिथं म्हातारा विले राहायचा, हान्सिनेचा बाप, म्हाताऱ्या ताबिताचा नवरा. ऐंशी उलटलेली, पण अजून एकटा बर्फावर जाऊन सील मारायचा. आख्ख्या वस्तीत निघण्याच्या बाजूचा सगळ्यांत कडवा माणूस तो. त्याच्या शब्दाबाहेर तिथं कुणी जात नव्हतं, म्हणून जेरेमियास इतिल्लेकबद्दल अगदी निवांत होता.

विले दारात उभा होता. स्लेज थांबताच तो जेरेमियासच्या अंगावरून पुढं गेला आणि त्यानं ताबिताचे दोन्ही हात धरले.

"आलीस? किती दिवसांनी! वाळली आहेस. मत्ताक काढून ठेवलाय, तुला आवडतो तसा, पातळ कापलेला."

नार्व्हाल देवमाशाच्या कातडीचे ते तुकडे त्यानं स्वतःच्या हातानं तिला भरवले. घर माणसांनी गच्च भरलं. ताबिताचं भाषण सगळ्यांनी असं ऐकलं जसं काही घरातली मोठी बाई बऱ्याच वर्षांनी माहेरपणाहून परतून काय काय झालं ते सांगते आहे. ते संपलं तेव्हा विलेनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बायको राहा म्हणते तर राहायचं. माझं मत राहण्याला."

घरात कल्लोळ झाला. सुना, नातवंडं, शेजारी सगळे एकदम बोलू लागले. जेरेमियास उठून उभा राहिला. त्याचं डोकं छताला लागलं.

"हे बरोबर नाही! ही प्रचाराची रीत नव्हे! ती सव्वीस वर्षांची मुलगी आहे!"

"माझ्या बायकोला मुलगी म्हणू नकोस," विले म्हणाला.

"विले," ताबिता त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "माझं पटलं तरच दे मत. नावाकडं बघून नको."

"घ्या!" विले सगळ्यांना म्हणाला. "जन्मभर तुझं ऐकलं नाही म्हणून बोलणी खाल्ली. आता ऐकतोय तर म्हणते ऐकू नको! तुझं समाधान कशानं होतं ते मला अजून कळलं नाही."

अपोलुसनं तोंडात मफलर कोंबला.

जेरेमियासला आता घाम फुटला होता. त्याला वाटलं, नावाला नावानंच उत्तर द्यावं. तो म्हणाला, "मलासुद्धा तुमच्याच फ्योर्डचं नाव आहे! माझं दुसरं नाव आंतोन. ह्याच बाजूचा एक माणूस आमच्या गावी येऊन राहिला होता, तो गेला तेव्हा मी जन्मलो. तर मीही तुमचाच आहे!"

कुणीतरी बशी खाली ठेवली. विलेनं हळूहळू मान वर केली.

"आंतोन? डावखुरा आंतोन?"

"असावा," जेरेमियास आनंदानं म्हणाला. "मीही डावखुराच आहे."

कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं "अग बाई!" म्हणून दोन्ही हात गालांवर ठेवले. आंतोन कोण हे जेरेमियास सोडून तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. विलेशी लग्न होण्याआधी आंतोन ताबिताच्या मागं होता. दक्षिणेला जाऊ, माझ्याबरोबर चल, असं त्यानं तिला एका वसंतात तीनतीनदा विचारलं होतं. ती गेली नाही. तो एकटाच गेला.

विले उठला. तो जेरेमियासच्या छातीपर्यंत पोचत होता.

"इतक्या वर्षांनी आलास," तो म्हणाला. "आणि आलास तोही माझ्या बायकोबरोबर एका स्लेजवर बसून?"

"पाठीला पाठ लावून," जेरेमियास घाईघाईनं म्हणाला.

"तेव्हाही तिला तू निघ म्हणालास. आजही निघच म्हणतोस. तेव्हाही ती राहिली! आम्ही राहणार!"

अपोलुसच्या तोंडातला मफलर उडाला. तो असा हसला की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं, आणि बाहेर त्याची कुत्री जेवणाच्या आशेनं एका सुरात ओरडायला लागली. मग म्हाताऱ्या बायका हसल्या, मग सुना, मग ताबिता, आणि शेवटी विलेही डोळे पुसत खाली बसला. जेरेमियासला आंतोनची हकीगत कळली तेव्हा तो लाजून टोपी कुस्करत म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं, विले. माफ कर."

"झालं गेलं," विले म्हणाला. "बस. सूप पी. पण मत मिळणार नाही."

रात्री दोघं पुढारी त्याच घरात झोपले. विलेनं जेरेमियासचं अंथरूण दाराशी घातलं आणि स्वतः मधे आडवा झाला.

रविवारी चर्चनंतर ते तिसऱ्या वस्तीकडं, सेर्मिलिककडं निघाले. किनाऱ्याजवळ भरतीनं बर्फाला तडा जातो, तिथं स्लेज हलकी करून पार न्यावी लागते. अपोलुसनं दोघांना उतरवलं आणि कुठं पाय ठेवायचा ते दाखवलं. ताबिता पार झाली. जेरेमियासनं जिथं पाय ठेवायचा नव्हता तिथंच नेमका ठेवला आणि कमरेपर्यंत खाली गेला.

त्याला बाहेर काढायला अपोलुस, ताबिता आणि पुढची कुत्री तिघंही लागले. ताबितानं त्याचे बूट आणि विजार ओढून काढली, स्वतःची लोकरीची शाल त्याच्या पायांना गुंडाळली, वर रेनडिअरचं कातडं टाकलं आणि त्याच्यावर बसली. "हलू नकोस! निघायचंय ना तुला? जिवंत राहिलास तर निघशील!" सेर्मिलिकपर्यंत ती त्याचे तळवे चोळत आली. ह्या वेळी अपोलुस हसला नाही. त्यानं कुत्री अशी हाकली की स्लेज उडते आहे असं वाटावं.

वस्तीत पोचल्यावर गरम सूप, गरम अंथरूण, सगळं झालं. संध्याकाळपर्यंत जेरेमियास ठणठणीत झाला. फक्त दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे त्याचे बूट वाळले नव्हते, आणि त्याच्या पायाला येतील असे बूट वस्तीत एकाच व्यक्तीकडं होते. ती होती दुकान चालवणारी थोराड रेगिने, आणि बूट होते तिच्या सणासुदीचे, मांडीपर्यंत येणारे पांढरे, वर फुलांच्या वेलबुट्टीची लेस लावलेले. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा आवाज गेला होता. कपाटातल्या बश्या हलवणारा तो आवाज आता मांजराच्या पिल्लासारखा येत होता.

शाळेची खोली भरली होती. जेरेमियास लेसचे बूट घालून पुढं येऊन उभा राहिला. तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. "कॉड..." असं काहीतरी चिवचिवलं. पुढच्या रांगेतल्या बायका लेसकडं बघत एकमेकींना चिमटे काढत होत्या. त्यानं अगतिकपणे अपोलुसकडं पाहिलं. अपोलुस आधीच दाराबाहेर जाऊन तोंडावर मूठभर बर्फ दाबून हसत होता आणि उघड्या दारातून सगळं बघत होता.

तेव्हा ताबिता उठली.

"थांबा," ती म्हणाली. "हा आजारी पडला म्हणून त्याचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचू नये, हे मला पटत नाही. दोन दिवस ऐकतेय. मी सांगते काय म्हणतो ते."

आणि तिनं जेरेमियासचं भाषण दिलं. सुरुवातीला त्याची नक्कल करत, जाड आवाज काढून, मुठी आपटत. लोक हसले. पण मधेच कुठंतरी नक्कल गळून पडली. परकी जहाजं रात्री दिवे लावून उभी असतात आणि किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं तिथं शहर वसलंय, हे ती सांगू लागली तेव्हा खोली शांत झाली. "आपल्याला एकदा विचारलं होतं," ती म्हणाली. "आपण उत्तर दिलं होतं. ते कुणी ऐकलं नाही." हे वाक्य जेरेमियासच्या भाषणात नव्हतंच. ते तिचं स्वतःचं होतं. ती स्वतःच दचकली.

जेरेमियास लेसच्या बुटांत उभा राहून रडत होता. टाळ्या थांबेनात.

"आता माझं ऐका!" ताबिता ओरडली. "हे सगळं खोडून काढणारं माझंही भाषण आहे!"

"पण मास्तरीणबाई," रेगिने मागून म्हणाली, "आत्ताच तर आम्हाला पटवलंत!"

लोक उठायला लागले. कॉफीची वेळ झाली होती. आणि मग जेरेमियासनं जे केलं ते सेर्मिलिकची माणसं अजून करून दाखवतात. त्यानं दारात आडवं उभं राहून हात पसरले आणि सगळ्यांना पुन्हा खाली बसवलं. आवाज नव्हता, म्हणून त्यानं ताबिताचं भाषण हातवाऱ्यांनी केलं. तो गळकं छप्पर झाला, आणि त्याखालची बादली झाला. थंडीत कुडकुडत पाटी धरलेलं पोर झाला. मग छप्पर दुरुस्त करणारा सुतार झाला, आणि खिशातून पैसे काढून देणारा लांबचा साहेब झाला, पोट पुढं काढून. शेवटी तो एवढाल्या समुद्रात एकट्या होडीत बसलेला माणूस झाला आणि लेसचे बूट हवेत नाचवत वल्हवू लागला. ताबिता बाजूला उभी राहून समजावत होती, "हे प्रशिक्षण बरं का! हा आता बाजार!" आणि मधेच तिलाही पुढचं बोलवेना, ती भिंतीला धरून खाली बसली. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. रेगिने किंचाळली, "माझे बूट फाडशील रे!"

त्या रात्री सेर्मिलिकमध्ये कुणी मताबद्दल एक शब्द बोललं नाही. ॲकॉर्डियन निघालं.

मंगळवारी अपोलुस मत द्यायला गेला. परत आल्यापासून त्याच्या डोक्यात दोन्ही भाषणं होती, आणि पंचाईत अशी की दोन्ही ताबिताच्याच आवाजात होती. पडद्यामागं उभा राहून त्यानं पेन्सिल हातात घेतली. छपराचं खरं होतं. जहाजांचंही खरं होतं, एकदा दक्षिणेला कोळंबीच्या बोटीवर काम करताना त्यानं ते दिव्यांचं शहर स्वतः पाहिलं होतं. मग त्याला आठवलं की मागच्या खेपेला तो असाच उभा होता, आणि त्याचं मत कुठं गेलं ते कळलंच नव्हतं. ह्या खेपेला ते मोजणार होते, आणि मोजून झाल्यावर तसंच करणार होते. हा विचार मनात आल्याबरोबर त्याला हसू फुटलं, पहिल्या उन्हाच्या दिवशी फुटतं तसं. त्यानं निघण्यापुढं खूण केली.

बाहेर ताबिता उभी होती. त्याला तिच्याशी खोटं बोलता येत नव्हतं.

"सासूबाई," तो म्हणाला, "मी तुमच्या विरुद्ध दिलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय. अर्ध्या गावानं दिलं असणार. मला एकच सांगा, माझ्या भाषणामुळं की जेरेमियासच्या?"

"तुमच्या. सेर्मिलिकमधल्या."

"म्हणजे त्याच्याच." तिनं त्याच्या दंडावर एक गुद्दा हाणला आणि मग तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

दुसऱ्या दिवशी निकाल रेडिओवर आला. थोडक्यात, पण निघणारे जिंकले होते. गावात बंदुकीचे बार उडाले, कुत्री भुंकत सुटली. जेरेमियासचा आवाज अजून आला नव्हता, त्यामुळं तो नुसताच तोंड उघडं ठेवून गल्लीतून धावत होता. हान्सिने उठून टाळ्या वाजवायला गेली आणि एकदम खुर्चीत बसली.

"काय ग?" अपोलुसनं विचारलं.

"आईला हरवलं आपण," ती म्हणाली आणि मुसमुसू लागली. मग दोघांनी मिळून केक उचलला आणि ताबिताच्या घरी गेले. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. हान्सिने तिच्या पायाशी बसली. "आई, रागावलीस?"

"रागावले नाही. भीती वाटते, बाळ. सगळ्यांनी हे करायचं ठरवलंय, तर आता करून दाखवावं लागेल. छप्पर कोण घालणार?"

"आपण," अपोलुस म्हणाला. "मला सुतारकाम येतं."

"तुम्ही वर चढून हसाल आणि खाली पडाल, जावईबापू." पण ती उठून बसली. केक खाल्ला. मग दाराशी जेरेमियास आला, हातात फाटलेले लेसचे बूट घेऊन, आणि खुणांनी विचारू लागला की रेगिनेला काय सांगू. ताबितानं सुईदोरा काढला.

संध्याकाळी सभागृहात नाच होता. जिंकलेले आणि हरलेले एकाच गोलात, कारण आमच्या गावात दुसरा गोल करण्याइतकी माणसं नाहीत. अपोलुसनं आधी हान्सिनेला नाचवलं, मग सासूबाईंना, मग जेरेमियासलासुद्धा, आणि तो धिप्पाड माणूस त्याच्या हातात कॉफीच्या कपासारखा हलका फिरत होता. निरोप घेताना जेरेमियासनं ताबिताच्या कानात चिवचिवत काहीतरी सांगितलं. तिनं नंतर सांगितलं की तो म्हणाला, पुढच्या वेळी तू आमच्या बाजूला ये. "मी म्हटलं, पुढच्या वेळी तू राहा."

निघायला पुढं तीन वर्षं लागली. सह्या, बैठका, माशांचे करार. ह्या सगळ्यांत भाषांतर करायला माणसं हवी होती, आणि दोन्ही बाजूंचं भाषण देता येणारी मास्तरीण कुणाच्या तरी ध्यानात राहिली होती. ताबिता युरोपात जाऊन आली. परत येताना तिनं विलेसाठी चांगला तंबाखू आणला, आणि विलेनं तो महिनाभर कुणाला हात लावू दिला नाही. शाळेचं छप्पर गावकऱ्यांनी उन्हाळ्यात घातलं. ते एका कोपऱ्यात अजून गळतं.

ज्या दिवशी देश खरोखर निघाला तो फेब्रुवारीचा पहिला दिवस होता. गावात झेंडे लागले, हान्सिनेनं घरी कॉफीला सगळ्यांना बोलावलं, ताबितानं सगळ्यांसमोर करारातल्या माशांच्या अटी समजावून सांगितल्या. अपोलुस तिथं नव्हता. त्याची दोरी खोल पाण्यात होती आणि भरती थांबत नव्हती. तो संध्याकाळी परतला तेव्हा पाहुणे गेले होते. त्याच्या स्लेजवर एक हॅलिबट होता, दाराएवढा, बर्फानं पांढरा झालेला.

"झालं का निघून?" त्यानं उंबऱ्यावरून विचारलं.

"झालं, दुपारीच," हान्सिने कप धुता धुता म्हणाली. "सगळे विचारत होते तुला."

"मग आता?"

"आता मासा आत घे. दार उघडं आहे."